श्रद्धा, विश्वास आणि शंका घेणारा माणूस

सोलापुरातील एका वाचकांनी विचारले आहे की, मराठी बायबलात आणि येथील चर्चमधील प्रार्थनांत ‘श्रद्धा’ऐवजी ‘विश्वास’ हा शब्द का येतो, हे दोन शब्द समानार्थी आहेत का, आणि देव न मानणाऱ्याला ‘तुमचीही विज्ञानावर श्रद्धाच आहे’ असे जे सुनावले जाते ते भाषेच्या दृष्टीने बरोबर आहे का.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण ते वाक्य व्याख्यानांतून आणि वृत्तपत्रांतील पत्रांतून ऐकून-वाचून मी वैतागलो आहे. ते वाक्य चूक आहे. रक्ततपासणीच्या अहवालावर आपण ठेवतो तो विश्वास होय. शंका आली की आपण दुसऱ्या प्रयोगशाळेत जातो आणि त्यात कोणाला अधर्म दिसत नाही. मराठीने हा भेद स्वतःच नीट सांभाळला आहे. आपण ‘विश्वासघात’ म्हणतो, ‘अविश्वासाचा ठराव’ म्हणतो. ‘श्रद्धाघात’ कोणी म्हणत नाही. विश्वास तुटला तर दोष समोरच्याचा असतो, श्रद्धा ढळली तर दोष श्रद्धा ठेवणाऱ्याच्या माथी येतो. ख्रिस्ती धर्माकडे, किंवा आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत बोलल्या जाणाऱ्या नवसांकडे, चिकित्सेने पाहणाऱ्याचा मूळ आक्षेप नेमका या दोषाच्या वाटपावर आहे.

आता ‘श्रद्धा’. रूढ अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून थेट व्युत्पत्तीकडे येतो. ‘श्रत्’ आणि ‘धा’, म्हणजे ठेवणे, असे याचे दोन भाग आहेत आणि वेदकाळी ते सुटेही वापरले जात. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातील बाराव्या सूक्ताची पाचवी ऋचा पाहावी. ‘ज्याच्याविषयी लोक विचारतात, तो कुठे आहे? आणि काही तर म्हणतात, तो नाहीच’, अशी तिची सुरुवात आहे. त्यानंतर त्या देवाच्या पराक्रमाचा उल्लेख येतो आणि शेवटी आवाहन येते, ‘श्रदस्मै धत्त स जनास इन्द्रः’, म्हणजे लोकहो, त्याच्या ठायी श्रत् ठेवा, तो इंद्र आहे. ‘कुठे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र ऋचेत नाही. श्रद्धेचा इतका जुना उच्चार संशय घेणाऱ्यांना उद्देशून झालेला आहे, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

याहून मोठा आनंद पुढे आहे. लॅटिनमधील ‘क्रेदो’, म्हणजे ‘मी मानतो’, हे क्रियापद याच श्रत् आणि धा यांचे सख्खे भावंड आहे. इ. स. 325 मध्ये नायसियाच्या ख्रिस्ती धर्मपरिषदेने ग्रीकमध्ये ठरवलेल्या विश्वासांगीकाराचे, म्हणजे ‘आम्ही काय मानतो’ हे सांगणाऱ्या कबुलीचे, पुढे जे लॅटिन रूप रूढ झाले, ते याच शब्दाने सुरू होते. म्हणजे रोमच्या चर्चमधील भाविक आणि इंद्राचा स्तोता हजारो मैलांच्या अंतरावरून एकच शब्द उच्चारत होते.

‘श्रत्’चा अर्थ मी ‘हृदय’ असा घेतो. लॅटिन ‘कोर’ आणि ग्रीक ‘कार्दिया’ यांच्याशी त्याचे वर्ण नियमाने जुळतात. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बेनव्हेनिस्त यांना हे मान्य नव्हते. हृदय हा शरीराचा अवयव आहे, तो दुसऱ्याच्या ठायी कसा ठेवणार, अशी त्यांची अडचण होती. ज्या भाषेत माणूस कामात मन घालतो आणि लेकरावर जीव टाकतो, त्या भाषेच्या माणसाला ही अडचण पटणार नाही. दुसरीकडे, निघंटू या वैदिक शब्दांच्या जुन्या कोशाने ‘श्रत्’ सत्याच्या नावांत घातला आहे म्हणून ‘श्रद्धा म्हणजे सत्याचे धारण’ असे सांगणारे प्रवचनकार तर जे सिद्ध करायचे तेच शब्दार्थात भरून ठेवतात.

‘विश्वास’ वेगळ्या धातूचा आहे. वि आणि श्वस्, म्हणजे मोकळा श्वास घेणे, निर्धास्त होणे. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘पिस्तिस’ आहे आणि तो ‘मन वळवणे, पटवणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी नाते सांगतो. अ‍ॅरिस्टॉटलने वक्तृत्वाची चर्चा करताना हाच शब्द पटवण्याच्या साधनांसाठी, म्हणजे जवळजवळ पुराव्यासाठी, वापरला आहे. त्यामुळे ‘विश्वास’ ही निवड मला चांगली वाटते. सोलापुरात तेलुगू भाषक ख्रिस्ती ‘विश्वासमु’ म्हणतात, कन्नड भाषक ‘नंबिके’ म्हणतात, गोव्याकडील कोंकणी ख्रिस्ती ‘भावार्थ’ म्हणतात. मराठी कॅथलिक लेखनात ‘श्रद्धा’ही भेटते.

परंतु विश्वास हा शब्द घेतला की पडताळ्याचा हक्कही मान्य करावा लागतो. दुसऱ्या शतकातील सेल्सस या टीकाकाराने हेच म्हटले होते. काही ख्रिस्ती लोक ‘चौकशी करू नका, विश्वास ठेवा’ असे सांगतात, हा त्याचा आक्षेप त्याला खोडून काढणाऱ्या ओरिजेन या ख्रिस्ती धर्मपंडिताच्या ग्रंथामुळेच आपल्यापर्यंत पोहोचला. ज्या शब्दाचा एक अर्थ पुरावा आहे, तोच शब्द पुरावा न मागण्यासाठी वापरला जावा, ही विसंगती त्याने अचूक पकडली होती, असे माझे मत आहे.

देव न मानणाऱ्याला ‘अश्रद्ध’ म्हणावे; ‘अविश्वासू’ म्हणू नये. योहानाच्या शुभवर्तमानात जखमा पाहिल्याशिवाय न मानणाऱ्या थोमा या शिष्याला येशू जे सांगतो, त्यातील ग्रीक शब्द ‘पिस्तोस’ हा ‘विश्वास ठेवणारा’ आणि ‘विश्वास ठेवण्याजोगा’ अशा दोन्ही अर्थांचा आहे. मराठीने मात्र हे दोन अर्थ एका स्वराने वेगळे ठेवले आहेत: मानणारा तो विश्वासी, आणि ज्याच्यावर विसंबता येते तो विश्वासू.