गॉलिशची सुरुवात कुंभारांच्या हिशेबापासून करा

स्वागत! गॉलिश म्हणजे प्राचीन गॉलमध्ये, आजच्या फ्रान्सच्या भागात, बोलली जाणारी केल्टिक भाषा. प्राचीन केल्टिक भाषांपैकी एकदम सगळ्यांना हात घालू नका. उत्तर इटलीतली लेपोंटिक आणि स्पेनमधली केल्टिबेरियन वेगळ्या भाषा आहेत. आधी गॉलिशच घ्या.

दक्षिण फ्रान्समधल्या ला ग्रोफसांकच्या कुंभारांनी भट्टीत लावलेल्या भांड्यांचे हिशेब थाळ्यांवर कोरून ठेवलेत. त्यात भट्टीचा क्रमही येतो: आलोस दुसरी, त्रितोस तिसरी, देकामेतोस दहावी. लिपी रोमन, मजकूर ठरावीक साच्याचा. नवख्याला याहून चांगलं काही नाही!

नेहमीच्या चुका:
- आयरिश-वेल्श या नात्यातल्या भाषांचे शब्द जसेच्या तसे गॉलिशमध्ये घुसवणं.
- तारांकित (* खूण लावलेली) रूपं कोरीव लेखांत सापडली असं समजणं. ती अभ्यासकांनी तर्काने बांधलेली असतात.

१८९७ मध्ये सापडलेलं फ्रान्समधल्या कोलिन्यीचं गॉलिश कांस्य पंचांग खुणावेल, पण त्याला सध्या थांबू द्या.