प्रतिष्ठा कुणाची? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : ‘मानवी हक्क ही पाश्चात्त्यांची कल्पना. आपल्या समाजाची मानपानाची समज वेगळी आहे,’ असं आमच्या समाजाच्या बैठकीत ऐकवलं जातं. यात तथ्य किती? (एक वाचक, पेण)

उत्तर : अर्धं तथ्य आहे, आणि ते नाकारू नका. १० डिसेंबर १९४८ला पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे सभासद होते अवघे ५८. त्यांपैकी ४८ बाजूने, ८ तटस्थ, विरोधात कुणी नाही. आफ्रिकेचा बहुतेक भाग तेव्हा वसाहतवाल्यांच्या ताब्यात होता. त्या लोकांना कुणी विचारलंच नाही.

पण मसुदा एकट्या पश्चिमेने लिहिला, हेही खरं नाही. पहिल्या कलमातले ‘ऑल मेन’ हे शब्द बदलून ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ करायला लावलं ते भारताच्या हंसा मेहतांनी. चीनचे पी. सी. चांग यांनी नुसत्या विचारशक्तीवर भागणार नाही असं म्हणत ‘रेन’ ही कन्फ्यूशियस या प्राचीन चिनी विचारवंताच्या परंपरेतली कल्पना पुढे केली. ‘रेन’चं चिनी अक्षर पाहा : डावीकडे माणसाची खूण, उजवीकडे दोन आडव्या रेघा, म्हणजे ‘दोन’ हा आकडा. समोर दुसरा माणूस असल्याशिवाय माणूसपण पुरं होत नाही, असा त्याचा आशय. इंग्रजीत त्याचं ‘कॉन्शन्स’ झालं, आपल्या अनुवादात ‘सदसद्विवेकबुद्धी’ आली, आणि तो दुसरा माणूस वाटेतच गळाला. हे नुकसान मोठं आहे असं आम्हाला वाटतं.

दक्षिण आफ्रिकेत मात्र तो दुसरा माणूस परत आला. ६ जून १९९५ला तिथल्या संविधान न्यायालयाने ‘मक्वान्याने’ नावाच्या खटल्यात फाशीची शिक्षाच रद्द केली, तेव्हा अनेक न्यायमूर्तींनी ‘उबुंटू’चा आधार घेतला. माणूस इतर माणसांमुळे माणूस असतो, ही ती समज. लक्षात घ्या, इथे परंपरेच्या शब्दाने खुनी ठरलेल्या माणसाचंही माणूसपण राखलं. तुमच्या बैठकीत परंपरेचा शब्द कुणाला आत घेण्यासाठी वापरला जातो आणि कुणाला बाहेर काढण्यासाठी, ते तपासा.

शिवाय ‘पूर्वापार रूढी’ हा दावा सिद्ध करावा लागतो. महाडचं चवदार तळं नगरपालिकेने १९२४ मध्येच सर्वांना खुलं केलं होतं. २० मार्च १९२७च्या सत्याग्रहानंतर सवर्ण फिर्यादी पूर्वापार वहिवाट सांगत कोर्टात गेले. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ते हरले, कारण वहिवाट तितकी जुनी असल्याचं त्यांना दाखवताच आलं नाही.

प्रश्न : ‘डिग्निटी’ला मराठीत काय म्हणावं? (एक शिक्षिका, सांगली)

उत्तर : संविधानाच्या उद्देशिकेत ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ आहे. वर्गात शिकवताना अडचण इथेच येते. आपण प्रतिष्ठा कमावतो, जपतो, ती धुळीला मिळते. मुलीने परजातीत लग्न केलं की घराण्याची प्रतिष्ठा गेली म्हणतात. उद्देशिकेतली प्रतिष्ठा त्या मुलीची आहे आणि ती कशानेही जात नाही. मुलांना हा फरक आधी सांगा. लेखी मजकुरात ‘मानवी प्रतिष्ठा’ असं पुरं लिहा. आंबेडकरी चळवळीतला ‘माणुसकीचे हक्क’ हा शब्द आम्हाला जास्त जवळचा. मात्र ‘जरा माणुसकी दाखवा’मधली दया त्यात मिसळू देऊ नका. हक्क मागणारा माणूस दया मागत नसतो.

प्रश्न : गावकीने आमच्या कुटुंबाला वाळीत टाकलंय. दंड भरला तर परत घेऊ म्हणतात. ‘हा समाजाचा अंतर्गत मामला’ म्हणून पोलीस टाळाटाळ करतात. काय करावं? (नाव राखून, जि. रायगड)

उत्तर : दंड भरू नका. आधी भरला असेल तर पावती, चिठ्ठी, ऑनलाइन पाठवले असतील तर त्याची नोंद जपा. ‘महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण अधिनियम, २०१६’ हा कायदा २०१७ पासून लागू आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चिथावणी देणाऱ्यालाही तीच शिक्षा. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी तो नोंदवून तपास करायचा असतो. त्यामुळे पोलीस नुसती ‘एनसी’ (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेत असतील तर ती चूक आहे.

अशा तक्रारी बहुतेक वेळा एका कारणाने लंगड्या पडतात : ‘आम्हाला वाळीत टाकलं’ एवढंच लिहिलेलं असतं. बहिष्कार तोंडी असतो, ठराव कागदावर येत नाही. म्हणून एक वही करा. कोणत्या तारखेला बैठक झाली, कुठे, कोण काय बोललं, कोण हजर होतं. कुणी दळण नाकारलं, कोणत्या लग्नाचं आमंत्रण थांबवलं, मयताला खांदा द्यायला कोण आलं नाही. तारीखवार लिहा. व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप पुसू नका. फक्त स्क्रीनशॉटवर विसंबू नका, मूळ फोन सांभाळा.

ठाण्यात लेखी तक्रार द्या, पोचेची सही-शिक्का घ्या. गुन्हा नोंदवला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. वकिलाची ऐपत नसेल तर १५१०० वर विधी सेवेला फोन करा. तुम्ही अनुसूचित जाती-जमातीचे असाल आणि बहिष्कार टाकणारे त्या बाहेरचे असतील, तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१)(झेडसी) लावण्याची मागणी तक्रारीतच करा.

गुन्हा नोंदला की पंच मिटवायला येतील. सामाजिक बहिष्काराच्या कायद्यात मिटवणं बसतं, पण तुमची संमती आणि कोर्टाची परवानगी दोन्ही लागतात. देवळात नारळ फोडून झालेली तडजोड कोर्टात धरली जात नाही. आणि पुन्हा कुणी दळण नाकारलं, तर वहीत पुढची तारीख लिहा.