आजोबांची तिथी

चि. सई,
अनेक आशीर्वाद. आजोबांच्या श्राद्धाचा दिवस दरवर्षी वेगळ्या तारखेला का येतो आणि बॉस्टनच्या होस्टेलवर तुला एकटीला काय करता येईल, असं तू विचारलंस.

आपण तारीख नाही, तिथी धरतो. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणून तिथी दरवर्षी ११ दिवस अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की पुढे जाते. सर्वपित्री अमावास्या बघ: २०२४ मध्ये २ ऑक्टोबर, २०२५ मध्ये २१ सप्टेंबर, आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे थेट १० ऑक्टोबर.

आजोबांची तिथी कार्तिक वद्य पंचमी. घोळ होतो तो ती काढताना. कॅलेंडरच्या चौकोनात छापलेली तिथी सूर्योदयाची असते. माणूस रात्री गेला असेल तर तोवर ती बदललेलीही असते, म्हणून जाण्याची वेळ बघावी लागते. तिकडच्या देवळातले गुरुजी उत्तरेकडचे असतील तर त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो. आपली कार्तिक वद्य पंचमी त्यांच्याकडे मार्गशीर्षात जाते. त्यांना नुसतं 'कार्तिक कृष्ण पंचमी' सांगितलंस तर महिनाभर आधीचा दिवस मिळेल. शिवाय श्राद्धाला अपराह्णातली, साधारण दीड ते चारमधली तिथी लागते. भारतात दुपारचे चार वाजतात तेव्हा नोव्हेंबरात बॉस्टनला पहाटेचे साडेपाच असतात, त्यामुळे कधीकधी दिवस बदलतो. पंचांग बॉस्टनचंच काढ.

हे झालं वर्षश्राद्धाचं. पितृपक्षातही पंचमीलाच त्यांचं पान असतं. ती चुकली तर सर्वपित्री आहेच.

पिंड आणि तर्पण मी इथे करतो. तुलाही करायचं असेल तर कर, मुलीने करू नये हे मला पटत नाही. पण सुरुवात पानापासून केलेली बरी. पूर्ण पानात वडे, अळूवडी, भोपळा, गवार, कारलं असतं. एका शेगडीवर ते जमायचं नाही. वरण-भात, तूप, खीर आणि आमसुलाची चटणी एवढं पुरे. कांदा-लसूण नको.

चटणीला १२-१५ आमसुलं अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजव. त्यात अर्धा चमचा जिरं, एक हिरवी मिरची, दोन चमचे ओलं खोबरं आणि तीन चमचे गूळ घालून वाट. मीठ शेवटी, चव बघून. आमसुलं बहुतेक वेळा खारवलेलीच असतात. खिरीला दोन मोठे चमचे तांदूळ धुऊन, कोरडे करून तुपावर परत आणि जाडसर कुट. अर्धा लिटर दुधात मंद आंचेवर शिजव, ढवळत राहा, नाहीतर तळाशी लागेल. गूळ घालायचा असेल तर गॅस बंद करून, खीर कोमट झाल्यावरच. उकळत्या दुधात घातलास की दूध फाटतं. खीर वाटीतच वाढ, चटणीचा ओघळ लागला तरी तेच होतं. आजोबांसाठी बुंदीचा एक लाडू ठेव. श्राद्धाच्या यादीत तो असो-नसो, गेलेल्याच्या आवडीचं पानात हवंच.

कावळ्याचा घास खिडकीबाहेर ठेवण्याआधी होस्टेलचे नियम विचार. पक्ष्यांना खाऊ घालायला बंदी असेल तर घास बागेत झाडाखाली ठेवण्याचाही हट्ट नको. दहाव्याला कावळा आला नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवतात, म्हणजे अडचणीची सोय शास्त्रातच आहे. पान नंतर तू जेव, टाकू नकोस.

तर्पणात तीन पिढ्यांची नावं घेतात: माझे वडील, आजोबा, पणजोबा, म्हणजे तुझे आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. ती गोत्रासकट एका कागदावर लिहून ठेव. प्रत्येकापुढे गाव आणि काय काम करायचे तेही लिही. आजोबांचं मी सांगेन. त्यांच्या आधीच्या दोघांचं आत्याला जास्त माहीत आहे, तिला रविवारी फोन कर.

तुझा
बाबा