नैराश्य किती जणांना होते आणि उपचार कुठे मिळतात?

भारतात नैराश्य किती जणांना होते, कोणाला अधिक होते आणि उपचार कुठे मिळतात, असे आपण विचारले आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, दर वीस प्रौढांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो आणि त्यांतील बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. स्त्रियांना, विशेषतः बाळंतपणानंतर, तसेच कर्ज, दीर्घ आजार, व्यसन किंवा एकाकीपणा यांनी गांजलेल्यांना धोका अधिक असतो.

मला सर्वांत खटकते ते हे, की आपल्याकडे रुग्ण ‘मन उदास आहे’ असे क्वचितच सांगतो. अंग दुखते, पहाटे तीनलाच जाग येते, अन्नावरची वासना उडाली आहे, अशा तक्रारी घेऊन तो डॉक्टरांकडे जातो आणि शक्तीच्या गोळ्या घेऊन घरी परततो. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची सोय असते, शिवाय ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही, बोलता येते. औषधाचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत; आत्महत्येचे विचार येत असतील, तर मात्र त्याच दिवशी मदत घ्यावी.