खोक्यावरचे वॅट आणि गाडीचे व्होल्ट

ट्रकमध्ये नवा म्युझिक सेट बसवायचाय, कुठला घेऊ, असं विचारणारी बरीच पत्रं आली आहेत. बहुतेकांना कंपनीचं नाव हवंय. दुकानात गिऱ्हाईक आलं की मी आधी तीन गोष्टी विचारतो: बॅटऱ्या किती, डॅशबोर्डमधला खाचा केवढा आणि रात्री गाडी कुठं उभी असते. कंपनीवर त्यानंतर बोलू.

प्रश्न : सेकंड हँड बारा टायर गाडी घेतली. कारमधला चांगला सेट घरी पडून होता. वायरमनने दोनपैकी एका बॅटरीवरून थेट लाइन दिली. सेट मस्त वाजतो, पण आठ महिन्यांत एक बॅटरी बसली. सेटमुळे गेली का?
*– चालक-मालक, कळंबोली*

सेटचा दोष नाही, पण त्याच्या लाइनमुळे गेली असणार. तुमच्या गाडीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले आहेत. आल्टरनेटर (तुमचा वायरमन त्याला अजून डायनॅमोच म्हणत असेल) दोघींना मिळून २८ व्होल्टच्या आसपास चार्ज देतो. त्याला बेरीज दिसते, कुणाच्या वाट्याला किती आलं ते दिसत नाही. सेट मात्र एकट्या खालच्या, म्हणजे बॉडीला अर्थ असलेल्या बॅटरीतून खातो. त्यामुळे ती कायम अर्धपोटी राहते आणि वरचीला गरजेपेक्षा जास्त मिळतं.

अशाच जोडणीची एक गाडी परवा दुकानात आली होती. इंजिन चालू ठेवून दोन्ही बॅटऱ्यांवर वेगवेगळा मीटर लावला. एक १३.१, दुसरी १४.९. बेरीज बरोबर २८, म्हणून डॅशबोर्डवरचा काटा बिचारा खूश. १४.९ वालीची झाकणं उघडली तर पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं. १३.१ वाली पूर्ण भरतच नव्हती, तिच्या प्लेटांवर सल्फेट धरलेलं. दोघी एकाच दिवशी विकत घेतलेल्या.

तेव्हा एका बॅटरीवरची लाइन आजच काढा आणि २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा. पैसे वाचवायचे तर सेटमध्ये वाचवा, कन्व्हर्टरमध्ये वाचवू नका. बाजारात दोन जातीचे मिळतात. स्वस्तातला जादाचे व्होल्ट नुसते जाळून टाकतो. २८ चे १३ करताना ५ ॲम्पिअर वाहिले की ७५ वॅटची उष्णता होते. जुना साठचा बल्ब पेटलेला असताना हातात धरून बघा, म्हणजे डॅशबोर्डच्या मागे काय चाललंय ते कळेल. दुसरा स्विचिंग जातीचा. तो वजनाला हलका असतो, कमी तापतो आणि २४ च्या बाजूने करंटही निम्म्याच्या आसपासच ओढतो. तोच घ्या. सेटच्या मागे १० ॲम्पिअरचा फ्यूज असेल, तर कन्व्हर्टर सतत १० ॲम्पिअर देणारा हवा. काही खोक्यांवर मोठा आकडा छापतात तो क्षणभराचा असतो, 'सतत' किती ते दुकानदाराला विचारा. २४ च्या लाइनला बॅटरीजवळच साडेसात ॲम्पिअरचा फ्यूज टाका. फ्यूज सेटजवळ टाकला तर मधली सगळी वायर राखणीविना राहते, आणि केबिनखाली वायर घासून तुटायला जागा भरपूर असतात.

आता नवी बॅटरी घेताना जोडीच घ्या. एक नवी आणि एक आठ महिने हाल काढलेली, हा संसार टिकत नाही.

ज्यांना हे सगळं फाजील वाटतं त्यांच्यासाठी सांगतो. धंद्याच्या पहिल्या वर्षी मी एका गिऱ्हाइकाचा १२ व्होल्टचा सेट सरळ २४ वर लावला होता. दिवा लागला, 'टक्' झालं आणि डिस्प्लेच्या फटीतून धूर आला. सेट मी भरून दिला. त्या दिवसापासून वायर जोडण्याआधी मीटर लावतो, समोरचा कितीही छातीठोक सांगत असला तरी.

प्रश्न : माझा छोटा हत्ती आहे, वाशी मार्केटला भाजी टाकतो. मलाही कन्व्हर्टर लागेल का?
*– वाचक, कोपरखैरणे*

नाही. तुमची गाडी १२ व्होल्टची आहे, बोलेरो पिकअपही तशीच. कारचा सेट सरळ चालेल.

प्रश्न : दुकानदाराने दोन सेट दाखवले. एकावर '४ × ५० वॅट' आणि दुसऱ्यावर '४ × ६० वॅट'. दुसरा जास्त वाजेल ना?
*– वाचक, मानपाडा, ठाणे*

दोन्ही तेवढेच वाजतील. हा हिशेब एकदा मांडतोच, कारण या आकड्यावर लोकांचे फार पैसे गेलेत.

सेटला गाडीतून जास्तीत जास्त १४.४ व्होल्ट मिळतात. सेटच्या आत व्होल्ट वाढवून घेणारं वेगळं सर्किट नसतं, असलं तर बाहेरच्या ॲम्पमध्ये (ॲम्प्लिफायरमध्ये) असतं. १४.४ व्होल्टमधून ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात गणित करून जेमतेम २६ वॅट निघतात. प्रत्यक्षात थोडी गळती होते, म्हणून चांगल्या सेटच्या माहितीपुस्तिकेत आरएमएस (म्हणजे सतत निघणारे खरे वॅट) म्हणून १७ ते २२ च्या मधला आकडा दिसतो. मग ५० कुठून आला? १४.४ चा वर्ग करा आणि ४ ने भागा, ५२ येतात. म्हणजे आवाज पार फाटून लाटेचं सपाट चौकोनी पठार झाल्यावर जे निघेल ते. बँडवाल्याच्या कर्ण्यातून येतं तसं.

म्हणून खोकं उलटं करा आणि बारीक अक्षरात 'आरएमएस' शोधा. तो आकडाच छापलेला नसेल, तर सेट खाली ठेवा आणि पुढच्या दुकानात जा.

पैसे उरले तर स्पीकरवर घाला. ट्रकच्या दाराचा पत्रा थरथरतो आणि पावसाळ्यात आतून पाणी उतरतं. कागदी कोनचा स्पीकर एका पावसाळ्यात पापडासारखा होतो, प्लास्टिकच्या कोनचा टिकतो. एकाच वायरवर दोन स्पीकर शेजारी-शेजारी जोडू नका. तसं केलं की ४ ओहमचे २ होतात आणि सेटचा ॲम्प तापून बंद पडतो. स्पीकरची काळ्या रेघेची वायर बॉडीला अर्थ करायची नाही. जुन्या टेपला असं करत असत. आताच्या सेटला केलंत, तर तो गप्प बसेल नाहीतर कायमचा जाईल.

प्रश्न : आमच्या सहा गाड्या आहेत, भिवंडीच्या गोदामांतून माल उचलतात. सगळ्यांना नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन बसवावी असं मुलगा म्हणतो. तुमचं मत?
*– वाहतूकदार, काल्हेर*

मुलाचा राग घेऊनही सांगतो, नको.

पहिली अडचण जागेची. साधा सेट १८० बाय ५० मिलिमीटरच्या खाच्यात बसतो आणि मोठा १८० बाय १०० च्या. नऊ इंची स्क्रीन त्याच्यापुढे टेबलासारखी बाहेर येते आणि एका पातळ फ्रेमवर तिचा सगळा भार असतो. माणकोलीच्या खड्ड्यांत सहा महिन्यांनी ती फ्रेम काय म्हणते ते बघा. दुसरी अडचण उष्णतेची. दुपारी काचेमागे उभी राहिलेली केबिन भट्टीसारखी तापते, आणि स्क्रीनच्या मागे एक अख्खा मोबाइल बसवलेला असतो, तोही पंख्याशिवाय.

पण माझं खरं भांडण बटणाशी आहे. ड्रायव्हरला आवाज कमी करायचा तर नजर रस्त्यावरून न हलवता करता आला पाहिजे. गोल फिरणारी खुंटी अंधारातही हाताला सापडते. काचेवर चित्र शोधायला मान वळवावी लागते, आणि कसारा उतरताना भरलेल्या गाडीत तेवढा वेळ कुणाकडे असतो? गाणं चालू असतानाही त्याला ब्रेकची हवा सुटल्याचा आवाज ऐकू यायला हवा, मागे घेताना क्लीनरची हाक ऐकू यायला हवी.

आणखी एक. या स्क्रीनना हँडब्रेकची वायर असते. हँडब्रेक ओढलेला असेल तरच चित्र दिसावं, म्हणून ती दिलेली असते. बसवणारे सर्रास ती बॉडीला अर्थ करून मोकळे होतात, की धावत्या गाडीत सिनेमा सुरू. माझ्या दुकानात हे करून मिळत नाही. शेठ म्हणून तुम्हीही करू देऊ नका.

ब्लूटूथ आणि मायक्रोफोन असलेला खुंटीवाला साधा सेट घ्या. तो चैनीचा नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ ची दुरुस्ती झाल्यापासून चालवताना फोन हातात धरणं कलम १८४ खाली धोकादायक चालवण्यात मोडतं. मायक्रोफोन सनव्हायझरजवळ लावा. डॅशबोर्डवर ठेवला तर पलीकडच्याला नुसतं इंजिन ऐकू येतं. पुढची गाडी नवी घेणार असाल तर एक सोय आपोआप होईल. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना एसी केबिन सक्तीची आहे. काचा बंद राहिल्या की निम्म्या आवाजात भागतं.

नव्या गाडीची मूळ वायर मात्र कापायची नाही. मूळ सॉकेटात बसणारा तयार जोडकपलर मिळतो, तो मध्ये टाका. वायर कापलेली दिसली की वॉरंटीच्या वेळी वाद सुरू होतो.

प्रश्न : कुर्ल्याच्या जुन्या मालातून जपानी सेट घेतला. आवाज लाजवाब, पण एफएमवर एकही स्टेशन लागत नाही. अँटेना बदलून झाली.
*– वाचक, ऐरोली*

अँटेना परत आणा, तिची चूक नाही. जपानमध्ये एफएमचा पट्टा ७६ पासून सुरू होतो आणि तुमच्यासारखे जुने सेट ९० ला थांबतात. आपली स्टेशनं त्याच्या वर आहेत, विविध भारतीच १०२.८ वर. सेट खोटा नाही, परदेशी आहे. अमेरिकेतून आलेल्या सेटची गंमत वेगळीच. तो ०.२ च्या उड्या मारत फक्त विषम आकड्यांवर थांबतो, म्हणून १०७.१ लागतं आणि १०२.८ लागत नाही. त्यात निदान सेटिंगमध्ये देश बदलायची सोय असते. तुमच्या सेटवर पेनड्राइव्ह चालत असेल तर तसाच वापरा.

प्रश्न : एक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून 'घुंऽऽ' येतं. दोन वायरमन झाले.
*– चालक, तळोजा*

तिसऱ्याकडे जायच्या आधी स्वतः पाच मिनिटं द्या. गाडी उभी करा आणि इंजिन चालू ठेवा. सिगारेट लायटरमधला मोबाइलचा चार्जर काढा. 'घुं' गेलं? मग दोष चार्जरचा. फोन त्याच चार्जरवर आणि ऑक्सच्या वायरने सेटलाही जोडलेला असला की अर्थच्या दोन वाटा होतात आणि आल्टरनेटरचा आवाज त्यातून घुसतो. ब्लूटूथवर गाणी लावा, प्रश्न मिटला.

गेलं नाही, तर सेटची काळी वायर बघा. बऱ्याचदा ती डॅशबोर्डच्या एखाद्या रंगवलेल्या स्क्रूखाली दाबलेली असते. रंग खरवडून, वायरच्या टोकाला थिंबल (धातूची टोपी) लावून, स्वच्छ लोखंडावर आवळा.

इंजिन बंद असतानाही फक्त एफएमवर 'सूं' येत असेल, तर तो कन्व्हर्टर. त्याला सेटपासून आणि अँटेनाच्या वायरपासून हातभर लांब न्या.

प्रश्न : ६४ जीबीचा पेनड्राइव्ह सेट वाचत नाही, ३२ चा वाचतो. आणि रोज सकाळी घड्याळ शून्यावर.
*– चालक, खारेगाव*

६४ चा पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉर्मॅट होऊन येतो आणि बरेच सेट फक्त फॅट-३२ ओळखतात. ३२ चाच वापरा, तेवढ्यात हजारो गाणी मावतात. आखूड घ्या, लांबट पेनड्राइव्हला गुडघा लागून सेटचं पोर्टच तुटतं.

घड्याळाचं कारण पिवळी वायर. सेटला करंटच्या दोन वायरी असतात. लाल चावीवर चालते आणि पिवळी कायम चालू राहून आठवण जपते. दोन्ही एकत्र पिळून चावीवर दिल्या असतील, किंवा रात्री तुम्ही बॅटरीचा मेन स्विच बंद करत असाल, तर सेट रोज नव्याने जन्म घेतो. वायर पिळलेल्या असतील तर वेगळ्या करून घ्या. मेन स्विचमुळे होत असेल तर घड्याळ विसरा, स्विच बंद करायची सवय त्याच्यापेक्षा मोलाची आहे.

प्रश्न : न्हावा-शेव्याला कंटेनरच्या रांगेत रात्र रात्र जाते. इंजिन बंद ठेवून सेट किती वेळ चालवू? एकदा सकाळी सेल्फ लागला नाही, तेव्हापासून घाबरतो.
*– ट्रेलरचालक, उलवे*

नुसता सेट बेताच्या आवाजात १२ व्होल्टवर २ ॲम्पिअरच्या आसपास घेतो. कन्व्हर्टरमधून २४ वर ते सव्वा ॲम्पिअरही भरत नाही. दहा तासांचे १२ ॲम्पिअर-अवर. तुमच्या बॅटऱ्या १०० च्या असल्या आणि धडधाकट असल्या, तर एवढ्याने सेल्फ अडत नाही. पण सीटमागे बास ट्यूबवाला ॲम्प असेल आणि तो १० ॲम्पिअर खात असेल, तर त्याच दहा तासांत ५५ च्या वर जातात. सकाळी सेल्फ 'टक् टक्' करून थांबणारच. तुमच्याकडे ॲम्प नसूनही तसं झालं असेल, तर सेटला सोडा आणि बॅटऱ्या तपासून घ्या.

लायटरमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर मिळतो, २४ व्होल्टवर चालणारा बघून घ्या. गाडी बंद करून तासभर झाल्यावर २५ च्या वर दिसायला हवं. रात्री कधीही २४.४ दिसलं की जोडी निम्मी रिकामी झाली असं धरा आणि सेट बंद करा. पुढची रात्र मोबाइलच्या स्पीकरवर काढा, रांग हलली की सेल्फ लागला पाहिजे.