त्या जावेला विचारलंस का?

पोरी,

तुझ्या कादंबरीची तिन्ही प्रकरणं वाचली. गावातला ताप वाळूमाशीच्या चाव्यातून येणाऱ्या चांदीपुरा विषाणूचा ठेवू की गवतातल्या बारीक किडीच्या चाव्यातून येणाऱ्या स्क्रब टायफसचा, हा तुझा घोळ. कुठलाही ठेव! चांदीपुरा 1965 साली नागपूरजवळच्या गावात सापडला, वाळूमाशी भिंतीच्या भेगांत राहते, हे सगळं तू पाठ केलंयस. पण तुझा डॉक्टर खाटेवरच्यांनाच विचारत फिरतो. ज्याला काही झालं नाही, त्याला कोण विचारणार?

1854 साली लंडनात ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती पटकीनं माणसं पटापट मरत होती आणि तिथल्याच बिअरच्या कारखान्यातले सत्तरहून जास्त कामगार जिवंत. साथीचं मूळ शोधणारा डॉक्टर जॉन स्नो मालकाला जाऊन भेटला. कामगार बिअर पीत, पंपावर जातच नसत. तुझं रहस्य असल्या ठिकाणी असतं गं, सूक्ष्मदर्शकाखाली नाही.

मला हे उशिरा कळलं. ऐन पोळ्याच्या आठवड्यात एका गावात गॅस्ट्रो उठला. नळाच्या विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली, विहिरीवरच क्लोरीन बघायची ओटी टेस्ट केली, पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे, कागद भरला. जुलाब थांबेनात. आठव्या दिवशी दारात तांदूळ निवडत बसलेली एक बुढी म्हणाली, "आमच्या घरी कोनालेच काही झालं नाही, साहेब. आमी वावरातल्या हिरीचं पितो. नळाले नालीचा वास येते." व्हॉल्वचा खड्डा उघडला, तर पाइप नालीच्या पाण्यात बुडालेला. लाइट गेली, पंप थांबला की घाण आत ओढायचा. तोवर दोन लेकरं गेली होती.

मी एकटा होतो. रात्रभर सलाईन लावत होतो, जीप नाल्यापलीकडे अडकलेली. माझ्या जागी कुणीही असता तरी आधी विहीरच धरली असती. पण त्या बुढीच्या दारावरून मी रोज जात होतो, हेही खरंच.

स्क्रब टायफस घेतलास तर किडीच्या चाव्याचा तो काळा डाग, सिगारेटनं भाजल्यासारखा, कडदोऱ्याखाली नाहीतर काखेत दडलेला असतो. बाईच्या अंगावरचा तर आशाताईलाच दिसेल, तुझ्या साहेबाला नाही. ते छान लिहिशील तू. पण त्याच धुऱ्यावर गवत कापणारी त्या आजारी बाईची जाऊ धडधाकट कशी? ती दुसऱ्या प्रकरणात चहा देऊन आत जाते ती गेलीच! किती वेळा सांगू?

आणि तो आमदार काढून टाक.

चौथं प्रकरण जावेपासून सुरू कर आणि पाठव. अक्षर मोठं ठेव, मोतीबिंदू पिकलाय.