पत्रिकेच्या शेवटच्या पानावरचं तुमचं नाव आधी थांबवा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: मी ५९ वर्षांची, बँकेतून रिटायर झालेली, नेरुळला राहते. आमच्या सेक्टरच्या रहिवासी असोसिएशनची आठ पानी मासिक पत्रिका मी नऊ वर्षं बिनपगारी संपादित केली, साधारण २,४०० घरांत जाते. दिवाळी अंकाच्या जाहिरातींचे १ लाख ८० हजार असोसिएशनच्या खात्यात दिसेनात म्हणून मी संपादकीयात विचारलं. त्यावर नव्या कमिटीने रात्री अकराला व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकून मला काढलं, आणि पुढच्याच अंकात पहिल्या पानावर छापलं की जाहिरातीचे पैसे मीच लाटले. सेक्रेटरींची २५ लाखांची अब्रुनुकसानीची नोटीस आली आहे, पंधरा दिवसांत माफी मागा म्हणून. खजिनदार माझी वर्गणी घेत नाही. काहीजण सांगतात पोलीस घरी येतील. मी गप्प बसू, की स्वतःचा वेगळा अंक काढू?

ताई, नमस्कार. तुम्ही पाठवलेले अंक, नोटीस, स्क्रीनशॉट, असोसिएशनच्या घटनेची झेरॉक्स, सगळं नीट वाचलं. तुम्ही पाच गोष्टी विचारल्यात, पण जी विचारली नाही तिनेच मला आधी काळजी वाटली, म्हणून तिच्यापासून सुरू करतो. ज्या अंकात तुम्हाला चोर ठरवलंय तो उलटा करून शेवटचं पान बघा, अगदी तळाला, भिंग लागेल एवढ्या बारीक अक्षरात मुद्रक-प्रकाशकाची ओळ आहे, आणि तिच्यात अजूनही छापलंय ‘संपादक’ आणि पुढे तुमचं नाव, वर फुलीची खूण आणि खाली ‘पीआरबी ॲक्टनुसार जबाबदार’. म्हणजे तुम्ही न वाचलेल्या, न निवडलेल्या मजकुराची जबाबदारी कागदावर तुमची. उद्या त्याच अंकात कुणा बिल्डरबद्दल, कुणा नगरसेवकाबद्दल काही वेडंवाकडं आलं तर त्याची नोटीसही तुमच्याच दारात, आणि मग मी तेव्हा संपादक नव्हते हे सिद्ध करत तुम्ही बसायचं.

तर आज पहिलं काम एक पत्र. पण इथे एक मेख आहे आणि बहुतेक लोक इथेच फसतात. नुसतं ‘माझं नाव काढा’ लिहिलंत तर उद्या ते म्हणणार, बघा, यांनी स्वतःच पद सोडलं. म्हणून असं लिहा, की ‘मला काढल्याचा मेसेज मला मान्य नाही, तो घटनेला धरून नाही आणि त्याबाबतचे माझे सर्व हक्क मी राखून ठेवते. परंतु अमुक महिन्याच्या अंकाचा मजकूर मी निवडलेला नाही, मला दाखवलेला नाही, त्यामुळे माझ्या लेखी संमतीशिवाय यापुढे कोणत्याही अंकावर संपादक म्हणून माझं नाव छापू नये, आणि पुढच्या अंकात तसा खुलासा छापावा.’ एवढंच. रागाचा एकही शब्द नको. हे पत्र अध्यक्ष, सेक्रेटरी, नोंदणीत प्रकाशक म्हणून ज्यांचं नाव आहे ते, आणि चौथी प्रत ज्या प्रेसमध्ये अंक छापतो त्या प्रेसच्या मालकाला. प्रेसवाल्याला आवर्जून पाठवा, कारण मुद्रक म्हणून त्याचंही नाव त्याच ओळीत असतं आणि त्याला तुमच्या राजकारणात काडीचा रस नसतो, असं पत्र हातात पडलं की बहुतेक प्रेसवाले पुढची प्लेट लावायच्या आधी फोन करून विचारतात. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच घेतलंय, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावतीसकट, आणि सोबत ईमेल.

पत्रिकेची नोंदणी २०१६ ची आहे, म्हणजे १८६७ च्या जुन्या कायद्याखालची, तोच तळाच्या ओळीतला ‘पीआरबी ॲक्ट’. तो कायदा आता गेला, १ मार्च २०२४ पासून प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ पिरिऑडिकल्स ॲक्ट, २०२३ लागू आहे, तुमच्या अंकावर जुनीच ओळ चालू आहे ती सवयीने. नव्या कायद्यातही मालक, प्रकाशक, संपादक कोण हे नोंदलेलं असावं लागतं आणि त्यात बदल झाला तर तो प्रेस सेवा पोर्टलवर, म्हणजे नियतकालिकांच्या नोंदणीच्या सरकारी वेबसाइटवर, कळवायचा असतो. ग्रुपवरच्या मेसेजने संपादक बदलत नाही. आता तुमच्याकडचा खजिना सांगतो, तो तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. जुन्या नियमांप्रमाणे दरवर्षी फेब्रुवारी संपल्यावरच्या पहिल्या अंकात मालकीचं निवेदन छापावं लागायचं, ‘फॉर्म ४’. तुमच्या मार्च महिन्याच्या अंकांमध्ये ते आहे, आणि मालक म्हणून तिथे ना सेक्रेटरींचं नाव आहे ना कुठल्या पॅनेलचं, तिथे असोसिएशनचं नाव आहे. ‘पेपर आमच्या पॅनेलचा’ असं जे ग्रुपवर चाललंय त्याला हेच उत्तर. ते अंक प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवा, पावसाळ्यात नेरुळच्या तळमजल्याच्या घरात कागदाचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता नोटीस. आधी जीव शांत करा. अब्रुनुकसानी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, जुन्या दंड संहितेतलं ४९९-५००. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. पण हा अदखलपात्र आणि जामीनपात्र गुन्हा आहे, ज्याची बदनामी झाली त्याने स्वतः मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करायची असते, पोलीस आपणहून घरी येत नाहीत. आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम २२३ प्रमाणे मॅजिस्ट्रेटने तक्रारीची दखल घेण्याआधी तुम्हाला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. दिवाणी दावा करायचा तर मजकूर छापल्यापासून एक वर्षाच्या आत, आणि जेवढी भरपाई मागायची त्या रकमेवर कोर्ट फी भरून. २५ लाखांची नोटीस कागदाच्या खर्चात होते, २५ लाखांचा दावा होत नाही. तरी नोटिशीला उत्तर द्यायचं, वकिलामार्फत, पंधरा दिवसांच्या आत. कायद्याने सक्ती नाही पण न दिलेलं उत्तर पुढे तुमच्या विरोधात वाचून दाखवतात. आणि ग्रुपवर ‘कुणी दुखावलं असेल तर सॉरी’ असा एक ओळीचा मेसेजसुद्धा टाकू नका, तो माफीनामा म्हणून फिरेल.

तुमचं संपादकीय मी ओळ न ओळ वाचलं आणि तुम्हाला आवडणार नाही तेही सांगतो. पहिले चार परिच्छेद भक्कम आहेत. कुठल्या तीन दुकानदारांनी किती दिले, पावती कुठल्या तारखेची, जो क्यूआर कोड त्यांना दाखवला त्यावर असोसिएशनचं नाव नसून एका व्यक्तीचं नाव कसं येत होतं, आणि मग सरळ प्रश्न, की हे पैसे खात्यात कधी जमा होणार. असा प्रश्न सभासदाने विचारणं, तोही सभासदांच्याच पत्रिकेत, याला कायद्यात संरक्षण आहे: गोष्ट खरी असेल आणि लोकहितासाठी सांगितली असेल तर, किंवा सद्भावनेने आपल्या वा इतरांच्या हितासाठी केली असेल तर, कलम ३५६ चे अपवाद लागतात. दिवाणी दाव्यात तर सत्य हाच बचाव. पण शेवटच्या परिच्छेदात तुम्ही लिहिलंय ‘हे पैसे कोणी खाल्ले ते सगळ्यांना माहीत आहे’. ताई, हेच एक वाक्य नोटिशीत तीनदा उद्धृत केलंय बघा. पैसे खात्यात दिसत नाहीत हे तुम्ही दाखवू शकता, खाल्ले हे आज दाखवू शकत नाही. उत्तरात आपण माफी मागणार नाही, पण त्या वाक्याचा अर्थ हिशेबाची मागणी एवढाच होता हे स्पष्ट करू, आणि उलट विचारू, की हिशेब द्या.

पुरावा मात्र आत्ताच सांभाळा. क्यूआर कोडचा फोटो, दुकानदारांचे पेमेंटचे स्क्रीनशॉट, रात्री अकराचा मेसेज, हे ज्या फोनवर आहे तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, ग्रुपमधून रागाने बाहेर पडू नका. कोर्टात नुसता स्क्रीनशॉट चालत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, सर्टिफिकेट लागतं. आणि त्या तीन दुकानदारांकडून एकेक साधं पत्र घ्या, मी अमुक तारखेला अमुक रक्कम अशी दिली, बस. आज ते तुमच्या बाजूने बोलतायत, सहा महिन्यांनी त्यांनाही त्याच सेक्टरमध्ये दुकान चालवायचंय.

पहिल्या पानावर तुमच्यावर जो आरोप केलाय त्याबद्दल तुम्हीही तक्रार करू शकता, फौजदारीला तीन वर्षांची मुदत आहे, दिवाणीला तीच एका वर्षाची. माझं मत, लगेच करू नका. उत्तरातच खुलासा छापायची मागणी करू, आधी हिशेबाचे कागद हातात येऊ देत, मग तुमची तक्रार दसपट जड होईल.

हिशेबासाठी बेलापूरला सहकार खात्याच्या निबंधकाकडे जाऊ असं तुम्ही लिहिलंय. तिथे हेलपाटाच होईल. तुमची असोसिएशन ही सहकारी सोसायटी नाही, ती १८६० च्या सोसायटीज रजिस्ट्रेशन ॲक्टखाली नोंदलेली आहे आणि घटनेच्या पहिल्या पानावर एफ नंबरही आहे, म्हणजे धर्मादाय ऑफिसातला ट्रस्टचा नोंदणी क्रमांक, त्यामुळे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू, आणि नेरुळ ठाणे जिल्ह्यात असल्याने जायचं ठाण्याच्या धर्मादाय ऑफिसला. तिथे दोन कागद मागा. एक, पीटीआरचा, म्हणजे सार्वजनिक ट्रस्टच्या नोंदवहीचा, उतारा, त्यात कळेल की नोंदीवर विश्वस्त कोण आहेत. बदल झाल्यापासून ९० दिवसांत कलम २२ खाली चेंज रिपोर्ट टाकायचा असतो, या कमिटीने टाकलाय का तेही कळेल. (टाकला नसेल तर लगेच ‘कमिटी बेकायदा’ म्हणून नाचू नका, रिपोर्ट मंजूर व्हायचा बाकी आहे एवढ्याने निवडून आलेली कमिटी रद्द होत नाही, हा गैरसमज मी दर महिन्याला ऐकतो.) दुसरा कागद, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, परिशिष्ट आठ आणि नऊ, म्हणजे ताळेबंद आणि जमाखर्च. दिवाळी अंकाच्या जाहिराती जमेच्या बाजूला कधीच नीट दाखवल्या नसतील तर ते तिथे उघडं पडेल. त्यावर कलम ४१ब खाली चौकशीची तक्रार, ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’ म्हणून तुम्ही करू शकता. चौकशीत काही निघालं तर विश्वस्ताला निलंबित करण्यापर्यंतचे अधिकार ४१ड मध्ये आहेत. दिवाणी कोर्टात घाईने धावू नका, जे प्रश्न धर्मादाय आयुक्तांनी ठरवायचे ते कलम ८० मुळे कोर्ट ऐकत नाही.

आणि वर्गणी! ही गोष्ट तुम्ही शेवटच्या ओळीत उरकली आहे, पण सगळ्यात चलाख खेळी हीच आहे. १८६० च्या कायद्याच्या कलम १५ मध्ये स्पष्ट आहे, ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली त्याला मत नाही, तो सभासद म्हणून मोजलाच जात नाही. खजिनदार ३०० रुपये घेत नाही ते उगाच नाही, एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, तुम्ही उभ्या राहिलात की ‘थकबाकीदार आहेत, बसवा’ म्हणायची सोय आहे ती. असोसिएशनच्या बँक खात्यात आजच एनईएफटी करा, शेऱ्यात फ्लॅट नंबर आणि वर्ष टाका, परत पाठवले तर चेक पोस्टाने. पैसे दिले होते आणि त्यांनी नाकारले, हे कागदावर दिसलं पाहिजे.

तुमचं पद. घटनेत लिहिलंय की संपादक मंडळ वार्षिक सभा नेमेल, म्हणजे कमिटीला एकटीने काढायचा अधिकार नव्हता, कायद्याने तुमची बाजू चांगली आहे. पण मानद पदावर कोर्टाने कुणाला परत बसवावं यासाठी वर्षं घालवू नका असंच मी सांगेन, ती लढाई एजीएममध्ये लढा. उद्या सभासदत्वच रद्द करायला निघाले तर मात्र गोष्ट वेगळी. बेळगावच्या एका मेसॉनिक लॉजमधून (फ्रीमेसन मंडळींची संस्था, हॉटेल नव्हे) काढलेल्या सभासदाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्येच सांगितलंय की संस्थेने स्वतःचे नियम काटेकोर पाळले पाहिजेत आणि सभासदाला आपली बाजू मांडायची खरी संधी दिली पाहिजे. तो सभासद स्वतः हरला, कारण त्याला ती संधी दिली होती. तुम्हाला अजून एक साधी लेखी नोटीससुद्धा दिलेली नाही.

मला कळतंय की हे फक्त १ लाख ८० हजारांचं नाहीये. २०२० मध्ये नवी मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढे कितीतरी वर्षं प्रशासक होता, नगरसेवक नाही, तेव्हा पाणी कमी दाबाने येतंय, होल्डिंग पाँडचा, म्हणजे पावसाचं पाणी साठवायच्या तळ्याचा, गाळ काढला नाही, गटाराचं झाकण गेलंय, हे सगळं तुमच्या आठ पानांत यायचं आणि वॉर्ड ऑफिसमध्ये ते कात्रण घेऊन लोक जायचे. २,४०० घरांच्या दाराखालून आत सरकणारा कागद ज्याच्या हातात त्याला निवडणुकीत किंमत येते, आणि म्हणूनच तो कुणाच्या खिशात जाता कामा नये असं मलाही अगदी मनापासून वाटतं.

वेगळा अंक काढायचा तर काढा, तुम्हाला कुणी अडवू शकत नाही. जुनं नाव आणि मास्टहेड, म्हणजे पहिल्या पानावरची नावाची पट्टी, वापरू नका, ते असोसिएशनचं. नवं शीर्षक प्रेस सेवा पोर्टलवर घ्या, नोंदणी होईपर्यंत छापू नका, वर ‘खाजगी वितरणासाठी’ लिहिलं की नोंदणी लागत नाही असं डीटीपीवाले सांगतात, पण आत महापालिकेच्या बातम्या आणि त्यावर मतं असली तर त्या ओळीवर विसंबू नका. तुमचे नऊ वर्षांतले स्वतःचे लेख मात्र तुमचे आहेत. तुम्ही पगारी नव्हता आणि हक्क लिहूनही दिलेले नाहीत, त्यामुळे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लेखांचा पहिला मालक लेखकच, नव्या अंकात ते बिनधास्त पुन्हा छापा.

नोटिशीची तारीख पाकिटावरच्या शिक्क्यावरून बघितली, तुमच्याकडे अजून नऊ दिवस आहेत. तळाच्या ओळीचं पत्र आणि वर्गणी आजच, नोटिशीचं उत्तर या आठवड्यात, आणि ठाण्याला धर्मादाय ऑफिसमध्ये जाल तेव्हा घटनेची झेरॉक्स आणि तो एफ नंबर सोबत ठेवा, त्याशिवाय खिडकीवर पुढचं काही सुरू होत नाही.